पार्किंगमधल्या चार्जरचा विषय यंदा अजेंड्यावर घ्या

प्रति,
पुण्यातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या व्यवस्थापक समित्या,
अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार यांस,

स. न. वि. वि.

लवकरच तुमच्या वार्षिक सर्वसाधारण सभांच्या नोटिसा निघतील. सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची, नोटीस चौदा दिवस आधी लावायची, म्हणजे विषयपत्रिका आत्ताच कुठेतरी कच्ची तयार होत असणार. मागच्या सभेचं इतिवृत्त कायम करणं, ताळेबंद, लेखापरीक्षकांची नेमणूक, थकबाकीदार, गच्चीची गळती. माझी विनंती एवढीच, की इलेक्ट्रिक गाड्यांच्या चार्जिंगचा विषय यंदा या यादीत स्वतःचा क्रमांक घेऊन येऊ द्या. 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय' या सदरात नको. त्याची पाळी येते तेव्हा बटाटेवडे आलेले असतात, निम्मे सभासद उठलेले असतात आणि 'पुढच्या मीटिंगला बघू' यावर चटकन एकमत होतं.

मी कोथरूडला राहते, नोकरी हिंजवडीला आणि गाडी इलेक्ट्रिक. पर्यावरणावर प्रवचन देणार नाही. आपल्याकडची बरीचशी वीज आजही चंद्रपूर-कोराडीच्या कोळशावरच होते, हे मलाही ठाऊक आहे. गाडी घेतली ती पेट्रोलच्या खर्चामुळे, आणि भूमकर चौकात क्लच दाबून दाबून दुखणाऱ्या गुडघ्यामुळे.

गाडी घेणं सोपं असतं. शोरूमवाला विचारतो, "पार्किंग स्वतःचं आहे ना? मग चार्जर आमचा माणूस बसवून देईल." समितीबद्दल तिथे कोणी अवाक्षर काढत नाही. मग आपण सोसायटीच्या ऑफिसात अर्ज घेऊन जातो आणि तिथे ठरलेलं उत्तर मिळतं: "आज तुम्हाला दिलं तर उद्या सगळे मागतील."

सगळे मागतील, हे अगदी खरं आहे. राज्याच्या २०२१ च्या धोरणानं नव्या निवासी इमारतींत निदान २० टक्के पार्किंग चार्जिंगसाठी सज्ज असावं असं म्हटलं, २०२५ च्या धोरणानं मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी आणि अटल सेतूवर टोलमाफी दिली. म्हणजे गाड्या वाढणारच. पण तुम्ही या वाक्याचा अर्थ 'म्हणून कोणालाच नको' असा लावता. माझं म्हणणं, सगळे मागणार आहेत म्हणूनच एकेकाच्या अर्जावर निर्णय घेत बसू नका. इमारतीचा आराखडा एकदाच करा. स्वयंपाकाचा गॅस पाइपनं आला तेव्हा आपण हेच केलं होतं. उभी पाइपलाइन इमारतीला एकदा चढली, ज्याला हवं त्यानं तेव्हा मीटर घेतला, ज्याला नको होतं त्यानं दोन वर्षांनी घेतला. तेव्हा 'सगळे मागतील' या भीतीनं कोणी पाइप अडवला नव्हता.

आता लोडचं बोलू, कारण समितीतल्या जाणत्या माणसाची पहिली शंका तीच असते आणि ती रास्त आहे.

शहरात चालणारी मध्यम आकाराची कार एका युनिटात साधारण सहा ते सात किलोमीटर जाते. माझं रोजचं जाऊन-येऊन चाळीसेक किलोमीटर, म्हणजे सहा-सात युनिटं. साध्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर गाडी ताशी सव्वातीन-साडेतीन युनिटं घेते, तेव्हा हे काम दोन तासांचं. 'रात्रभर चार्जिंगला लावावी लागते' हा समज रिकामी बॅटरी पूर्ण भरण्याच्या हिशोबावरून आला आहे. ४५ युनिटांची बॅटरी शून्यापासून अशा सॉकेटवर भरायला चौदा-पंधरा तास लागतील हे खरं, पण पेट्रोलची टाकी तरी रोज कोण कोरडी करतं?

समजा तुमच्या इमारतीत अशा दहा गाड्या झाल्या. रोजची सत्तर युनिटं. मध्यरात्र ते सकाळी सहा या वेळात ती वाटून दिली तर सरासरी भार बारा किलोवॉटच्या आत राहतो. तीन किलोवॉटचे चार गिझर चालू असावेत तितका, आणि तोही पंप बंद, लिफ्ट जवळपास रिकामी अशा वेळी. सकाळी साडेसहा ते आठ तुमच्या इमारतीत याच्या कितीतरी पट गिझर एकदम चालतात. तेव्हा कोणी सभा बोलावत नाही.

याची दुसरी बाजूही सांगते. याच दहा जणांनी भिंतीवरचा ७.२ किलोवॉटचा चार्जर लावला आणि सगळ्यांनी ऑफिसातून येऊन संध्याकाळी साडेसातला गाडी जोडली, तर एकदम ७२ किलोवॉट. त्यावर घराघरातले एसी, टीव्ही, मिक्सर. मग मुख्य फ्यूज उडणार आणि पुढचे आठ दिवस गाडीवाल्यांना जिन्यात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. म्हणून परवानगीच्या आधी नियम हवा: चार्जिंग रात्री अकरानंतर, गाडीतला किंवा चार्जरमधला टायमर लावून, आणि पॅनलची क्षमता वाढेपर्यंत सगळ्यांना ३.३ किलोवॉटच. लोड वाटून घेणारे चार्जरही मिळतात. एक गाडी भरत आली की दुसरीला जास्त देतात. इमारत १९८५ सालची असेल, मीटर लाकडी फळीवर आणि वर जाणारी केबल जुन्या ॲल्युमिनियमची, तर खर्च मोठा आहे. तो लपवून उपयोग नाही. पण अशा मीटर रूमची दुरुस्ती गाडी नसली तरी करायलाच हवी होती, हेही इतिवृत्तात लिहा.

परवानगी नाकारल्यावर प्रत्यक्ष काय होतं, ते एकदा पार्किंगमध्ये उभं राहून बघा. मी एका ओळखीच्या सोसायटीत पाहिलं. दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून नारिंगी एक्स्टेन्शन वायर ड्रेनेजच्या पाइपाला सुतळीनं बांधत खाली आणलेली. मध्ये एक जोड, त्यावर काळी टेप, आणि तो जोड बरोबर कुंडीतल्या तुळशीचं पाणी ठिबकतं तिथे. खाली तीन पिनांचा प्लग. त्याची एक पिन तपकिरी झालेली आणि भोवतीचं प्लास्टिक मेणासारखं वाकलेलं. वायर हाताला कोमट लागत होती.

वायरमनला विचारा, तो कारण सांगेल. गिझर पंधरा मिनिटं चालतो आणि बंद होतो. गाडी तोच करंट रोज सलग दोन तास, बॅटरी बरीच उतरली असेल तर सहा-आठ तास ओढते. सॉकेटचा स्क्रू जरासा सैल असला तर गिझरला तो खपून जातो, गाडीला नाही. जोड तापत जातो. म्हणून चार्जिंगच्या जागेला मीटरपासून स्वतंत्र वायर हवी: १५ अँपिअरसाठी ४ चौरस मिलिमीटर तांब्याची, ७.२ किलोवॉटसाठी ६ ची, अंतर जास्त असेल तर त्याहून जाड. वेगळा एमसीबी (करंट प्रमाणाबाहेर गेला की पडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअर गळतीला पुरवठा तोडणारा आरसीसीबी (शॉकपासून वाचवणारा स्विच). यात काटकसर करणाऱ्या सभासदाला परवानगी देऊ नका. इथे मी पूर्ण तुमच्या बाजूला आहे.

आणि अर्थिंग. गाडी चार्जिंग सुरू करण्याआधी अर्थिंग तपासते. ते नसेल किंवा अर्थिंग आणि न्यूट्रलमध्ये जास्त व्होल्टेज दिसलं तर लाल दिवा लावून गप्प बसते. जुन्या इमारतींच्या पार्किंगमधल्या सॉकेटला पुष्कळदा अर्थिंगची वायर नावालाच असते, खाली खड्ड्यात काही नसतं. मग एखादा हुशार इलेक्ट्रिशियन सॉकेटच्या आतच न्यूट्रल आणि अर्थिंग एका तुकड्यानं जोडून देतो. गाडी फसते, दिवा हिरवा होतो, सगळे खूष. उद्या मागे कुठे न्यूट्रल तुटली तर गाडीच्या पत्र्यात करंट येईल आणि सकाळी गाडी पुसायला आलेल्या माणसाचा हात आधी त्याला लागेल. हा जुगाड सर्रास होतो. परवानाधारक कंत्राटदाराचा चाचणी अहवाल मागितलात तरच तो थांबेल.

वीज कोणाच्या मीटरवरून, हा वादाचा दुसरा मुद्दा. कॉमन मीटरवरून मुळीच नाही. त्यावर एकदा भांडण झालं की पुढे कुठलाच ठराव पास होत नाही. दोन रस्ते आहेत. पहिला, घरच्याच मीटरपासून खाली स्वतंत्र वायर. चालू जोडणीवरून घरी गाडी चार्ज करता येईल, असं केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या जानेवारी २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांतच स्पष्ट झालं. दुसरा, गाडीसाठी वेगळा मीटर. ग्राहक हक्कांच्या नियमांत फेब्रुवारी २०२४ मध्ये दुरुस्ती होऊन तशी स्वतंत्र जोडणी मागण्याचा हक्क मिळाला. त्याच दुरुस्तीत नव्या जोडणीची मुदत महानगरांत सातवरून तीन दिवसांवर आली, अर्ज परिपूर्ण असेल तर. हा 'परिपूर्ण' शब्द ना-हरकत पत्रावरच्या सेक्रेटरींच्या सहीपाशी येऊन अडतो.

वेगळा मीटर कोणाला परवडतो? घरगुती दर टप्प्याटप्प्यानं चढतो: शंभरपर्यंत, मग तीनशेपर्यंत, मग पाचशेपर्यंत. घराचा वापर महिना २२० युनिट असेल आणि गाडीची दीडशे युनिटं त्यावर चढली, तर तीनशेच्या वरची सगळी वरच्या टप्प्याच्या दरानं जातात. गाड्यांच्या चार्जिंगची वर्गवारी वेगळी आहे. तिला हे टप्पे नाहीत, वेळेप्रमाणे दर कमी-जास्त होतो आणि संध्याकाळी गर्दीच्या वेळी वीज महाग पडते. पण तिचा स्थिर आकारही वेगळा भरावा लागतो. म्हणून महिन्याला तीन-चारशे किलोमीटर चालवणाऱ्या आजोबांना घरचाच मीटर बरा, आणि रोज हिंजवडी-खराडी करणाऱ्यांना दुसरा. समितीनं दोन्ही मोकळे ठेवावेत.

आता आगीची भीती. तिची टिंगल करणाऱ्यांपैकी मी नाही. मार्च २०२२ मध्ये इथेच, लोहगावात, रस्त्याकडेला उभी असलेली इलेक्ट्रिक स्कूटर पेटली आणि तो व्हिडिओ प्रत्येक सोसायटीच्या ग्रुपवर फिरला. त्या वर्षीच्या घटनांनंतर बॅटरीच्या सुरक्षेचे निकष डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत कडक झाले: दुचाकींना एआयएस १५६, मोटारींना एआयएस ०३८ (एआयएस म्हणजे वाहनांसाठीची भारतीय मानकं). तरीही लिथियमची बॅटरी एकदा पेटली तर विझवणं अवघड असतं, हे कबूल. भिंतीवरच्या पावडरच्या सिलिंडरला ती दाद देत नाही, पाणी खूप लागतं, आणि विझली म्हणता म्हणता पुन्हा धरते. म्हणून चार्जर जिन्याच्या तोंडाशी, लिफ्टजवळ, मीटर रूमला खेटून किंवा जनरेटरच्या डिझेलशेजारी नको. सगळ्या चार्जरचा पुरवठा एका फटक्यात तोडणारा स्विच वॉचमनच्या केबिनजवळ हवा, आणि तो कुठला हे वॉचमनला माहीत हवं (दर चार महिन्यांनी वॉचमन बदलतो, तेव्हा दर वेळी सांगायला हवं). रद्दी, जुन्या गाद्या, गणपतीच्या मखराचं थर्माकोल यांना पार्किंगमध्ये तशीही जागा नाही.

पण या भीतीपोटी सरसकट बंदी घातलीत तर धोका कमी होत नाही, वर फ्लॅटमध्ये जातो. स्कूटरची बॅटरी काढता येते. खाली प्लग मिळाला नाही तर माणूस ती उचलून घरी नेतो आणि हॉलमध्ये सोफ्याशेजारी लावून झोपतो. सप्टेंबर २०२२ मध्ये वसईत घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट झाला आणि सात वर्षांच्या मुलाचा जीव गेला. बंदीचा ठराव करायचाच असेल तर घरात बॅटरी चार्ज करण्याविरुद्ध करा, आणि त्याच ठरावात खाली दुचाक्यांसाठी चार-सहा सुरक्षित पॉइंट द्या. दूध, किराणा, जेवण आणणारी मुलं आता या स्कूटरवरूनच येतात, तुमच्या सभासदांची कॉलेजात जाणारी मुलंही.

पार्किंगच्या वाटपात हात घालायचा म्हणजे मधमाश्यांचं पोळं. तरी घालावा लागेल. स्टिल्टमधली (इमारतीखालच्या खांबांमधली) जागा बिल्डरला वेगळी विकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये सांगितलं. म्हणजे ती सोसायटीची आणि वाटप तुमच्या हातात. जिथे दर वर्षी चिठ्ठ्या टाकून जागा बदलतात तिथे भिंतीवर पक्का चार्जर लावण्यात अर्थ नाही. एक तर चार्जरवाल्यांना एका ओळीत कायम जागा द्या, नाहीतर बाहेरच्या पाहुण्यांच्या पार्किंगमध्ये सामायिक चार्जर बसवा. कार्ड किंवा ॲपवर ज्याचं त्याचं बिल निघतं. पझल पार्किंगमध्ये, म्हणजे यांत्रिक पार्किंगमध्ये, गाड्यांचे ट्रे वर-खाली, आडवे सरकतात, तिथे केबल लोंबकळत ठेवणं धोक्याचं, तेव्हा तिथेही सामायिक जागाच. पार्किंग न मिळालेले सभासद आणि भाडेकरू यांनाही हाच मार्ग. भिंत सोसायटीची, चार्जर आणि वायर सभासदाची. फ्लॅट विकताना त्यानं काढून न्यावं किंवा नव्या मालकाच्या नावे करून द्यावं, हे आधीच लिहून घ्या.

पैशाबाबत माझं मत अनेक गाडीवाल्यांना आवडणार नाही. 'माझ्याकडे गाडीच नाही, मी का भरू?' हा तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा प्रश्न बरोबर आहे. सिंकिंग फंडाला हात लावू नका. तो इमारतीच्या मोठ्या कामांसाठी आहे. मुख्य पॅनल, अर्थिंगचे खड्डे आणि पार्किंगच्या छताखालचा केबल ट्रे यांचा खर्च आज ज्यांना चार्जर हवा त्यांनी मिळून करावा. उद्या जो येईल त्यानं ठरलेला हिस्सा भरावा आणि तो आधीच्यांच्या देखभाल बिलात वळता व्हावा. खजिनदारांना एक वही वाढेल, एवढंच. पण दरमहा 'चार्जिंग सुविधा शुल्क' म्हणून मनाला येईल तो आकडा लावू नका. वीज त्यानं स्वतःच्या मीटरवर घेतली आहे, आणि जागेचं पार्किंग शुल्क तो भरतोच आहे.

"बाहेर एवढी स्टेशनं झालीत, तिकडे करा की चार्ज," असंही ऐकते. आमच्या अर्जावर अजून निर्णय नसल्यानं मी तेच करते. सार्वजनिक चार्जरवर युनिटचा दर घरच्या दुपटीच्या आसपास, कधी त्याहून जास्त. जलद चार्जरवर दहा टक्क्यांपासून ऐंशीपर्यंत जायला पाऊण तास ते तास, आणि मधे कोणाची पेट्रोलची गाडी त्या जागेत लावलेली असली की त्याला शोधण्यात आणखी वीस मिनिटं. प्रत्येक कंपनीचं ॲप वेगळं, प्रत्येकात अडकलेले थोडे थोडे पैसे. साताऱ्याला, कोल्हापूरला जाताना या स्टेशनांना पर्याय नाही आणि तिथे ती चांगली कामाला येतात. रोजच्या ऑफिससाठी नाहीत. कोणी मला विचारलं की इलेक्ट्रिक घेऊ का, तर रेंज आणि मॉडेलच्या आधी मी एकच विचारते: सोसायटी प्लग देते का? नाही म्हणाला तर सीएनजी घे म्हणून सांगते.

एसटीची पहिली बस १ जून १९४८ ला पुणे-नगर रस्त्यावर धावली, आणि २०२२ मध्ये त्याच तारखेला, त्याच रस्त्यावर विजेवरची शिवाई. एवढ्या मोठ्या महामंडळाला आगारात चार्जर बसवता आले. आपल्याकडे तर पस्तीस फ्लॅट आणि एक मीटर रूम.

ठरावाचा मसुदा सोबत देते. आपापल्या इमारतीप्रमाणे फेरफार करून घ्या.

"असे ठरले की, संस्थेच्या आवारात विद्युत वाहनांच्या चार्जिंगसाठी परवानाधारक विद्युत कंत्राटदाराकडून मीटर रूम, मंजूर भार व अर्थिंग यांची तपासणी करून घ्यावी व अहवाल सूचना फलकावर लावावा. अहवालानुसार एकच केबल मार्ग व स्वतंत्र पॅनल निश्चित करावे. सदर मार्गाने, स्वतःच्या मीटरवरून व स्वखर्चाने चार्जिंग पॉइंट घेऊ इच्छिणाऱ्या सभासदाने चाचणी अहवालासह अर्ज केल्यास सचिवांनी एकवीस दिवसांत ना-हरकत पत्र द्यावे, अथवा नाकारण्याचे कारण लेखी कळवावे. एक्स्टेन्शन वायरने चार्जिंग करणे व सदनिकेत वाहनाची बॅटरी चार्ज करणे यांस मनाई राहील. दुचाकींसाठी सामायिक पॉइंटची जागा समितीने तीन महिन्यांत ठरवावी. संस्थेच्या विमा कंपनीस या व्यवस्थेची लेखी माहिती द्यावी."

सूचक आणि अनुमोदक यांच्या जागा कोऱ्या आहेत. आमच्या सोसायटीत सूचक म्हणून माझं नाव घाला. अनुमोदनाला तिसऱ्या मजल्यावरच्या काकू तयार आहेत, पण सिंकिंग फंडाचं वाक्य ठरावात लेखी यावं ही त्यांची अट आहे. तेवढं तुम्हीच घालून घ्या.

कळावे,
आपली,
कोथरूडची एक सभासद